विलीनीकरण फिसकटले, भुर्दंड ग्राहकाला : दूरसंचार नियामक प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

विषय : मोबाईल कंपन्यांचे विलीनीकरण बारगळल्यास ग्राहकाचा क्रमांक, शिल्लक रक्कम व अनामत यांच्या संरक्षणाबाबत

महोदय,

दोन मोबाईल कंपन्या एकत्र येण्याचा प्रस्ताव मांडतात तेव्हा सरकारची थकबाकी, बँकांचे कर्ज, भागधारकांचा हिस्सा आणि स्पेक्ट्रमचा ताबा या सगळ्यांची लेखी तरतूद आधी होते आणि मगच पुढची पावले पडतात. प्रस्ताव मंजूर झाला तर ग्राहक कोणाकडे जातील, हेही त्या कागदपत्रांत लिहिलेले असते. तो मोडला तर ग्राहकांचे काय, याविषयी मात्र कुठे चकार शब्द नसतो. हे पत्र त्या रिकाम्या जागेबद्दल आहे. मी मुंबईतल्या एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे. अडचणीत आलेल्या संस्थेकडून पैसे येणे असलेल्यांच्या रांगेत लहान माणूस कुठे उभा राहतो, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. मोबाईल कंपन्यांच्या बाबतीत त्याला त्या रांगेतसुद्धा धड जागा नाही, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईकरांना याची पहिली झळ २०१४ साली लागली. लूप मोबाईल, म्हणजे नव्वदच्या दशकापासून शहराला परिचित असलेली बीपीएल मोबाईल, केवळ मुंबई सेवाक्षेत्रात चालणारी कंपनी होती. तिच्या परवान्याची मुदत २९ नोव्हेंबर २०१४ रोजी संपत होती आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या लिलावात तिने स्पेक्ट्रम घेतले नव्हते. त्याच फेब्रुवारीत एअरटेलने सुमारे ७०० कोटी रुपयांना लूपचा व्यवसाय घेण्याचा करार जाहीर केला. तीस लाखांच्या आसपास ग्राहक एका कंपनीकडून दुसरीकडे जाणार होते, आणि ते आपोआप जाणार असल्यामुळे त्यांनी स्वतःहून काही करण्याचे कारण नव्हते. पुढे दूरसंचार विभागाने थकबाकीचा प्रश्न काढला, त्या रकमेवरून वाद झाला, परवानगी लांबत गेली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करार रद्द झाल्याची बातमी आली. परवाना संपायला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरले होते.

या वेळापत्रकाकडे आपण बारकाईने पाहावे अशी माझी विनंती आहे, कारण सगळे दुखणे त्यात आहे. फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात ग्राहकाला सावकाश, आपल्या सोयीने, दोन-चार कंपन्यांचे दर पाहून नंबर पोर्ट करता आला असता, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता आली असती. तो काळ वाट पाहण्यात गेला. आणि जेव्हा हालचाल करणे भाग पडले तेव्हा इतक्या मोठ्या संख्येने लोकांना तीन आठवड्यांत बाहेर पडायचे होते. सगळेच शेवटपर्यंत थांबले असतील असे नाही. पण थांबले असते तर रोज लाखाहून अधिक नंबर पोर्ट व्हावे लागले असते, आणि एकेका पोर्टिंगला तेव्हा आठवडाभर लागू शकत असे. म्हणजे ग्राहकाचे नुकसान करार मोडला त्या दिवशी सुरू झाले नाही. करार जाहीर झाला आणि ‘तुम्हाला काही करायची गरज नाही’ असा समज पसरला, त्या दिवशीच त्याची सुरुवात झाली. विलीनीकरणाचा प्रस्ताव ग्राहकाला जागच्या जागी खिळवून ठेवतो. तो पूर्ण झाला तर त्याचे काही बिघडत नाही. मोडला तर मात्र मधला सगळा वेळ त्याच्या खात्यातून वजा झालेला असतो.

नंबर म्हणजे काय, हे प्राधिकरणाला मी सांगायला नको. तरी दिल्लीतल्या कार्यालयातून कदाचित दिसत नसेल असा एक तपशील सांगतो. लालबाग-परळच्या चाळींच्या जिन्यांत आणि उपनगरातल्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर प्लंबर, इलेक्ट्रिशियन, शेगडी दुरुस्त करणारा, पोळीभाजीचा डबा देणाऱ्या ताई यांचे नंबर वर्षानुवर्षे चिकटवलेले असतात. कागद पिवळा पडतो, कडा फाटतात, पण नंबर तोच राहतो आणि काम त्यावरच येते. या माणसांना दुकान नाही, फलक नाही; दहा आकडे हाच त्यांचा पत्ता. बँकेचा ओटीपी, गॅसची नोंदणी, आधारशी जोडणी हे सगळ्यांचेच आहे, ते बदलून घेता येते. जिन्यातला कागद बदलायला कोणी जात नाही.

दुसरा प्रसंग अधिक मोठा. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल यांनी आपले मोबाईल व्यवसाय एकत्र करण्याची घोषणा १४ सप्टेंबर २०१६ रोजी केली. जिओ बाजारात उतरून तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या डोक्यावर २०१७ मध्ये सुमारे ४५ हजार कोटींचे कर्ज होते, आणि या विलीनीकरणातून त्यातला मोठा भाग हलका होईल असा हिशेब होता. स्पर्धा आयोगाची मंजुरी मिळाली. दुसरीकडे जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअरसेल-मॅक्सिस प्रकरणात (मलेशियाच्या मॅक्सिस कंपनीने एअरसेल घेतली त्या व्यवहारातल्या गैरप्रकारांच्या आरोपांचे हे प्रकरण) एअरसेलच्या स्पेक्ट्रमच्या हस्तांतरणावर बंदी आणण्याचा इशारा दिला, पैसे येणे असलेले देणेकरी कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेले, आणि वर्षभर रेंगाळून १ ऑक्टोबर २०१७ रोजी करार संपुष्टात आल्याचे जाहीर झाले. त्यानंतरचा वेग पाहा. डिसेंबर उजाडताना रिलायन्स कम्युनिकेशन्सची बोलण्याची सेवा बंद झाली. पुढे मिळणार होता तो केवळ ४जी डेटा. ३० जानेवारी २०१८ ला एअरसेल महाराष्ट्रासह सहा सेवाक्षेत्रांतून बाहेर पडली आणि फेब्रुवारी संपता संपता तिने मुंबईच्या न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे ग्राहक तेव्हा देशभरात आठ कोटींच्या घरात होते.

मुंबईच्या माणसाला यात एक वेगळाच गुंता होता. मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे-कल्याण हा पट्टा दूरसंचाराच्या नकाशावर महाराष्ट्रापासून निराळा आहे. मुलगा इथे, आईवडील सिंधुदुर्गात किंवा साताऱ्यात. मुलाचा नंबर मुंबई क्षेत्राचा, आईवडिलांचा महाराष्ट्र क्षेत्राचा. कंपनी एकच, पण ती तिकडे आधी बंद होणार आणि इकडे कधी, ते कळेना. वर्तमानपत्रात ‘महाराष्ट्रात सेवा बंद’ असे वाचून मुंबईतला ग्राहक घाबरे, आणि गावाकडच्या ग्राहकाला तर वर्तमानपत्रातले क्षेत्र म्हणजे आपला जिल्हा की नाही, इथूनच प्रश्न. सेवाक्षेत्राची हद्द हा आपला आणि कंपन्यांचा कारभार आहे. ती ग्राहकाला पाठ असावी अशी अपेक्षा धरून सूचना काढल्या जातात, हे थांबायला हवे.

त्या हिवाळ्यात आमच्या स्टेशनबाहेरच्या रिचार्जच्या दुकानात मी काही वेळा ओळखीच्यांना घेऊन गेलो होतो. दुकानदाराच्या टेबलावर अंगठ्याचा ठसा घेणारे लहानसे यंत्र, शेजारी ओलसर फडके. त्या वेळी नवे सिम आधारच्या ठशावर मिळत असे. भांडी घासून घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत अशा एका बाईंचा अंगठा ते यंत्र काही केल्या घेईना. दुकानदाराने अंगठा पुसायला लावला, दुसरे बोट लावून पाहिले, मग थोड्या वेळाने यायला सांगितले. त्यांच्याजवळ कीपॅडचा साधा फोन होता. त्यांना ४जी डेटाचा पर्याय देणे म्हणजे नवा फोन विकत घ्यायला सांगणे होते, पण कंपनीच्या संदेशात ते असे सरळ लिहिलेले नव्हते.

आपण त्या काळात हातावर हात ठेवून बसला नव्हतात, हे मी मान्य करतो. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांचे पोर्टिंग अर्ज ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत नाकारू नयेत, असे आपण इतर कंपन्यांना बजावले. एअरसेलच्या ग्राहकांसाठी १५ एप्रिल २०१८ पर्यंत मुदत ठेवली. पण ही सगळी धावपळ आग लागल्यानंतरची होती, आणि तिची मुख्य अडचण आपल्याच नियमात दडलेली होती. नंबर पोर्ट करायचा तर १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवून यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड, मिळवावा लागतो. तो एसएमएस जातो बंद पडत असलेल्या कंपनीच्याच नेटवर्कवरून आणि कोडही त्याच फोनवर येतो. टॉवर कंपनीची बिले थकली आणि तिने टॉवर बंद केले की रेंज जाते. रेंज गेली की कोड नाही. कोड नाही तर सुटका नाही. ज्याला बाहेर पडण्याची सर्वांत जास्त निकड आहे त्याच्याच हातातले साधन आधी निकामी होते. जुन्या परवाना-अटींत सेवा बंद करण्यापूर्वी ग्राहकाला तीस दिवसांची नोटीस देण्याचे बंधन आहे. ते ठीकच; पण रेंज नोटिशीची मुदत पाहून जात नाही.

आता पैशांविषयी. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण रक्कम लहान असल्यामुळे हा विषय नेहमी हसण्यावारी नेला जातो. नंबर पोर्ट केला की जुन्या कंपनीकडची प्रीपेड शिल्लक नव्या कंपनीकडे येत नाही. ग्राहक आपल्या मर्जीने कंपनी सोडतो तेव्हा हे न्याय्य आहे. त्याला शिल्लक संपवून निघता येते. कंपनीच दुकान गुंडाळते तेव्हा त्याच नियमाने त्याचे पैसे बुडवणे कुठल्या तत्त्वात बसते? आपण २०१८ साली या दोन्ही कंपन्यांना प्रीपेड शिल्लक व पोस्टपेड अनामत परत करण्याचे निर्देश दिले होते. निर्देश योग्यच होते, पण तोवर तिजोरीत काय उरले होते? दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धच्या कारवायांना स्थगिती लागते. पैसे हवे असतील तर ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात, पुराव्यासह दावा दाखल करायचा. सत्त्याऐंशी रुपयांच्या टॉकटाइमसाठी असा दावा कोण दाखल करील? आणि केलाच तरी तारण असलेल्या बँका, कामगार, इतर वित्तीय देणी यांच्यानंतर त्याच्या वाट्याला काय येईल? मोबाईल ग्राहकाला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण ज्या कंपनीभोवती स्थगितीचे कुंपण उभे आहे तिच्याबाबतीत तो हक्क कागदावरच राहतो.

आमच्या घरातला एक अनुभव अशाच एका कंपनीचा आहे. तिचे नाव घेण्याचे इथे प्रयोजन नाही. पोस्टपेड नंबरची अनामत तिच्याकडे पडून होती. सेवा बंद झाली, अनामत परत आली नाही, आणि काही महिन्यांनी शेवटच्या अर्धवट महिन्याच्या बिलासाठी वसुली एजन्सीचे फोन सुरू झाले. आमचे जे येणे होते ते कंपनीच्या मोडतोडीत हरवले, तिचे येणे मात्र कोणीतरी जपून ठेवले होते. अनामतीतून बिल वळते करा, एवढे साधे वाक्य फोनवरच्या मुलाला समजत होते. पण त्याच्या हातात फक्त वसुलीची यादी होती.

आणि २०१७ ची तुलना आज पुरत नाही. तेव्हा शिल्लक म्हणजे टॉकटाइमचे काही रुपये असत. आज ग्राहक ८४ दिवसांचे किंवा वर्षाचे पॅक आगाऊ पैसे भरून घेतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलच्या वर्षभराच्या एका प्रचलित पॅकची किंमत ३,५९९ रुपये झाली. डिसेंबर २०२४ मध्ये आपणच विशेष व्हाउचरची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या रिचार्जची, कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. ग्राहकाच्या सोयीसाठी केलेला हा बदल चांगला आहे, पण त्याचा दुसरा अर्थ असा की कंपनीच्या हाती आता ग्राहकाचे वर्षभराचे पैसे बिनव्याजी आणि बिनतारण असतात. एका कुटुंबातले चार फोन धरले तर ही रक्कम सत्त्याऐंशी रुपयांच्या फार पुढची आहे.

बँकेत असे होत नाही. ठेव विमा महामंडळ पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण देते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची सोय झाली. ही दुरुस्ती सहज झालेली नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा मुंबईतले ठेवीदार रस्त्यावर आले; त्यांच्या हालअपेष्टा सगळ्यांनी पाहिल्या आणि मग कायदा हलला. मोबाईलच्या ग्राहकाची रक्कम लहान, म्हणून तो रस्त्यावर येत नाही. त्याचे न येणे हे त्याचे समाधान समजू नये.

विलीनीकरण फिसकटणे ग्राहकाला नेहमी मारकच ठरते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. अमेरिकेतले उदाहरण नेमके उलटे आहे. मार्च २०११ मध्ये एटी अँड टी या कंपनीने टी-मोबाईलचा तिथला व्यवसाय ३९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. सरकारच्या न्याय विभागाने ३१ ऑगस्टला न्यायालयात धाव घेतली. स्वस्त सेवा देणारी एक स्पर्धक कंपनी बाजारातून नाहीशी होईल, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. डिसेंबरमध्ये करार सोडून देण्यात आला. करारातच मोडण्याची किंमत ठरलेली होती, त्यामुळे टी-मोबाईलच्या मूळ कंपनीला तीन अब्ज डॉलर रोख मिळाले, शिवाय स्पेक्ट्रम आणि रोमिंगची सोयही मिळाली. त्या बळावर ती कंपनी उभी राहिली. २०१३ मध्ये तिने ग्राहकाला दोन वर्षे बांधून ठेवणारे करार बंद केले आणि मोठ्या कंपन्यांनाही आपल्या पद्धती बदलाव्या लागल्या. पुढे २०२० मध्ये त्याच टी-मोबाईलने स्प्रिंटला सामावून घेतले हे खरे. पण मधली काही वर्षे तिथल्या ग्राहकाच्या फायद्याची गेली, आणि ती एका फिसकटलेल्या करारामुळे मिळाली.

फरक कुठे पडला? तिथे नियामकाने ग्राहकाच्या हितासाठी ‘नाही’ म्हटले, आणि कंपनी धडधाकट असताना म्हटले. शिवाय मोडण्याची किंमत कोणी भरायची हे आधी लिहिलेले होते. आपल्याकडच्या दोन्ही प्रसंगांत ग्राहकाचे हित हा नकाराचा विषयच नव्हता. थकबाकी, न्यायालयीन वाद आणि देणेकऱ्यांची भांडणे यांत वेळ गेला, आणि करार मोडला तेव्हा एका कंपनीचा परवाना संपत आला होता तर दुसऱ्या दोन्ही कर्जाखाली दबल्या होत्या. मोडण्याची किंमत होतीच. ती कोणी भरायची हे लिहिलेले नव्हते, म्हणून ती ग्राहकाने भरली.

सरकारला स्वतःच्या पैशांची काळजी घेता येते, याचेही उदाहरण आहे. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया यांच्या विलीनीकरणाला अंतिम मान्यता देताना दूरसंचार विभागाने रोख आणि बँक हमी मिळून सात हजार कोटींहून अधिक रक्कम आधी घेतली. मुंबईत कुठल्याही जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की रहिवासी बिल्डरला हेच विचारतात : बँक गॅरंटी कुठे आहे, भाड्याचे चेक कुठे आहेत, ते हातात आल्याशिवाय कोणी घराची चावी देत नाही. मोबाईल ग्राहकाच्या वतीने हा प्रश्न विचारण्याचे काम आपले आहे.

शिस्तीने हे सगळे पार पडू शकते, हेही त्याच ऑक्टोबर २०१७ ने दाखवले. रिलायन्स-एअरसेलचा करार मोडला त्याच महिन्यात एअरटेलने टाटाचा मोबाईल व्यवसाय घेण्याचे जाहीर केले. ते प्रकरणही जुलै २०१९ पर्यंत लांबले, पण दरम्यान नेटवर्क चालू ठेवण्याची सोय असल्यामुळे ग्राहकांवर रातोरात पळापळ करण्याची वेळ आली नाही.

हा विषय आठ-दहा वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही. मुंबईत आजही एक विलीनीकरण अधांतरी आहे. महानगर टेलिफोन निगम आणि भारत संचार निगम यांच्या एकत्रीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली. पुढे महानगर टेलिफोनच्या कर्जाचा बोजा पाहून ते लांबणीवर टाकण्यात आले आणि २०२४ मध्ये कंपनीचे बँकांचे हप्ते थकले. दादर-गिरगाव भागातल्या कित्येक ज्येष्ठ नागरिकांकडे अजून हीच सेवा आहे, लँडलाइनही तिचीच. कंपनी सरकारी आहे, त्यामुळे ती एका रात्रीत गायब होणार नाही, हे मला कळते. पण ग्राहकाने थांबावे की निघावे, याचे उत्तर गेली इतकी वर्षे कोणी देत नाही, आणि मी वर जे खिळवून ठेवण्याबद्दल लिहिले त्याचा हा सर्वांत लांबलेला नमुना आहे.

बाजाराची सध्याची स्थितीही लक्षात घ्यावी. रिलायन्स-एअरसेलच्या वेळी ग्राहकाला निघून जायला बऱ्याच कंपन्या होत्या. आता खाजगी कंपन्या तीनच उरल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्हींनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. जिओचा १५५ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक १८९ झाला, एअरटेलचा १७९ चा १९९. यापुढे यांतल्या कोणत्याही दोघांच्या एकत्र येण्याची चर्चा निघाली आणि फिसकटली, तर पळून जायला दारे कमी आणि दारातली गर्दी मोठी असेल.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. विलीनीकरणाचा वा व्यवसाय हस्तांतरणाचा प्रस्ताव जाहीर होईल त्याच दिवशी, तो मोडल्यास ग्राहकांना कसे बाहेर काढणार याची योजना संबंधित कंपन्यांनी आपल्याकडे सादर करावी, आणि ती मान्य झाल्याशिवाय पुढच्या परवानग्यांचा विचार होऊ नये. या योजनेचा गाभा पैशांचा असावा : प्रीपेड ग्राहकांच्या न वापरलेल्या मुदतीची दिवसांच्या प्रमाणात काढलेली किंमत आणि पोस्टपेड अनामती, एवढी रक्कम कंपनीच्या इतर पैशांपासून वेगळ्या, विश्वस्त स्वरूपाच्या खात्यात ठेवली जावी, म्हणजे उद्या दिवाळखोरी आलीच तर ती देणेकऱ्यांच्या वाटणीत ओढली जाणार नाही. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागणार असेल तर तशी शिफारस आपण सरकारला करावी. परत न करता आलेली ग्राहकांची रक्कम जमा करण्यासाठी आपल्याकडे २००७ पासून दूरसंचार ग्राहक शिक्षण व संरक्षण निधी आहेच. त्यातून शिक्षणाचे कार्यक्रम होतात. नावातल्या संरक्षणालाही आता काम द्यावे.

कंपन्या म्हणतील की एवढे पैसे अडकवून ठेवणे परवडणार नाही. हे पैसे त्यांचे नव्हेत, न दिलेल्या सेवेचे आगाऊ घेतलेले आहेत, एवढेच त्यावरचे उत्तर आहे.

यूपीसी देण्याचे काम, प्रस्ताव जाहीर झाल्यापासून, कंपनीच्या नेटवर्कवर अवलंबून राहू नये. पोर्टिंगची केंद्रीय व्यवस्था चालवणाऱ्या संस्था आहेतच. ग्राहकाने ओळखीचा पुरावा दाखवून कोणत्याही कंपनीच्या केंद्रातून कोड मिळवावा, अशी सोय त्यांच्यामार्फत करता येईल. यात सिम चोरीचा आणि ओटीपीच्या फसवणुकीचा धोका आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणून ही वाट केवळ अशा जाहीर झालेल्या कंपन्यांच्या ग्राहकांपुरती आणि कडक पडताळणीसह असावी. एका कंपनीकडे नव्वद दिवस पूर्ण झाल्याशिवाय पोर्ट करता येत नाही, ही अट अशा ग्राहकांना लावू नये. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी कागदपत्रांवरचा मार्ग प्रत्येक दुकानात खुला असल्याचे स्पष्ट लिहावे, नाहीतर दुकानदार तो सांगत नाही. नंबर गमावलेल्या ग्राहकाचा क्रमांक किमान वर्षभर दुसऱ्या कोणाला देऊ नये.

सूचना मराठीत असाव्यात, आणि त्यांत सेवाक्षेत्राऐवजी जिल्ह्यांची नावे असावीत. ४जी फोन नसलेल्यांची सेवा बंद होणार असेल तर ‘तुमचा सध्याचा फोन चालणार नाही’ हेच वाक्य त्यात पहिले असावे.

दूरसंचार अधिनियम, २०२३ खाली जुन्या परवान्यांच्या जागी नवी अधिकारपत्रांची व्यवस्था आणली जात आहे, त्यामुळे या अटी घालण्याची ही योग्य वेळ आहे. एकदा अधिकारपत्रे दिली गेली की त्यांत नवी अट घुसवणे म्हणजे पुन्हा न्यायालयाची वारी. आपण या विषयावर सल्लामसलत पत्रिका काढावी, तिचा मराठी मसुदाही प्रसिद्ध करावा, आणि त्यावरची एक खुली चर्चा मुंबईत ठेवावी. ती एखाद्या पंचतारांकित हॉटेलात सकाळी अकराला न ठेवता रविवारी ठेवल्यास, ज्यांचे नंबर जिन्यात चिकटवलेले असतात त्यांनाही कामाचा खाडा न करता येता येईल.

कळावे,

आपला,
मुंबईतील एक मोबाईल ग्राहक